तीन अक्षरी, पहिले जोडाक्षर

‘पितात आणि तोफेतही ठासतात (२)’. रविवारच्या शब्दकोड्यात असे सूत्र आले की पेन्सिल अडत नाही: दारू. ‘खडक फोडायला पेरतात (३)’ म्हणजे सुरुंग. आणि ‘मोठा दणका देणारा पदार्थ (३), पहिले जोडाक्षर’ म्हणजे स्फोटक. चौकटी भरतात, कोडे सुटते. बोईसरच्या माणसाला मात्र या तिसऱ्या सूत्राची गंमत वाटत नाही. त्याच्या गावात दणके बसतात ते बहुधा स्फोटक न म्हणवणाऱ्या पदार्थांचे.

सुरुंग बोईसरशेजारच्या तारापूरला जुना. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला घेतला तो तटाला सुरुंग लावूनच. पुढे मे महिन्यात वसईलाही तेच झाले. सुरुंग म्हणजे मुळात भुयार. तटाखाली भुयार खणायचे आणि त्यात दारू भरायची, म्हणून भुयाराचे नाव पुढे उडणाऱ्या बारालाच चिकटले. ही दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. कोळसा आणि गंधक जळतात. जळायला लागणारा ऑक्सिजन सोरा पुरवतो. बाहेरच्या हवेची गरज नाही, म्हणून ती बंद भुयारातही भडकते.

तरी शास्त्राच्या भाषेत दारू ‘जळते’च, फक्त फार वेगाने. एका कणाची उष्णता शेजारच्या कणाला पेटवते आणि वायू कोंडला गेला की तट उडतो. टीएनटीचे तसे नाही. तिथे पदार्थातून दाबाची लाट धावते, सेकंदाला जवळजवळ ६,९०० मीटर. हवेतल्या आवाजाच्या वेगाची ही वीस पट झाली. लाट जिथून जाते तिथला रेणू त्याच क्षणी मोडतो. पहिल्याला भडका म्हणावे आणि दुसऱ्यालाच स्फोट, असा भेद आपण बोलण्यात पाळत नाही. पाळला असता तर बातम्या वाचणे जरा सोपे झाले असते.

पालघर जिल्ह्यातल्या दगडखाणींत आजही लोक ‘जिलेटिनच्या कांड्या’ म्हणतात. नोबेलने १८६७ मध्ये पेटंट घेतलेल्या डायनामाइटचेच हे वंशज. आता त्यातल्या नायट्रोग्लिसरीनची जागा बहुतांशी अमोनियम नायट्रेटच्या मिश्रणांनी घेतली आहे. हा माल बनवायला, साठवायला, न्यायला परवाना लागतो आणि तो देणाऱ्या ‘पेसो’ या सरकारी संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. म्हणजे कायद्याला स्फोटक कोणते ते ठाऊक आहे. बोईसरची अडचण कायद्याच्या त्या यादीबाहेर सुरू होते.

८ मार्च २०१८ च्या रात्री तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात स्फोट झाला. कित्येक किलोमीटरवर घरे हादरली आणि अनेकांना आधी भूकंपच वाटला. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी दुसऱ्या एका कारखान्यातल्या स्फोटाने आठ जणांचा बळी घेतला. वसाहतीत बनतात ते औषधांचे कच्चे घटक, रंगांची मध्यवर्ती रसायने, कापडावरच्या प्रक्रियेचा माल. बॉम्ब कोणी बनवत नाही. मग हे उडते कसे?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ विलब्रांडने १८६३ मध्ये टीएनटी बनवले आणि त्याचा पहिला उपयोग पिवळा रंग म्हणून झाला. त्याची स्फोटक ताकद ओळखायला पुढे जवळजवळ तीस वर्षे गेली. पिक्रिक आम्लानेही आधी रेशीम पिवळे रंगवले, मग ते तोफगोळ्यांत गेले. नायट्रोग्लिसरीन हृदयविकाराच्या कळेवर अजून देतात, आणि जिभेखाली धरायची सॉर्बिट्रेटची गोळी त्याच नायट्रेटांच्या घरातली. रंग, औषध आणि स्फोटक ही सख्खी भावंडे आहेत, कारण तिघांच्या मुळाशी अनेकदा एकच क्रिया असते: नायट्रिक आम्लाने नायट्रोजन-ऑक्सिजनची जोडणी रेणूला चिकटवणे. या क्रियेतून भरपूर उष्णता निघते. शिवाय जळणारा कार्बन आणि जाळणारा ऑक्सिजन एकाच रेणूत शेजारी येऊन बसतात. असा माल ठरावीक तापमानाच्या वर गेला तर स्वतःच विघटित होऊन वायू सोडू लागतो.

तापमान हाताबाहेर का जाते याचे गणित रशियन शास्त्रज्ञ सेम्योनोव्ह यांनी १९२८ मध्ये मांडले. अनेक क्रियांचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे उष्णताही दुपटी-दुपटीने वाढते. रिअ‍ॅक्टर म्हणजे क्रिया घडवायचे भांडे; त्याच्या जॅकेटमधले थंड पाणी उष्णता खेचते ती मात्र सरळ प्रमाणात. एका टप्प्यानंतर पाणी हरते. भांड्याचा आकारही इथे वैरी होतो. प्रयोगशाळेतला चंबू दहा पट उंच आणि रुंद केला की आतला माल हजार पट होतो, थंड होणारा पृष्ठभाग फक्त शंभर पट. चंबूत गरीब गाईसारखी वागलेली क्रिया पाच हजार लिटरच्या भांड्यात शिंग उगारते. वीज जाऊन ढवळणारा पंखा थांबला, तरी वरून आम्ल पडतच राहिले, आणि मग कोणी घाईने पंखा पुन्हा सुरू केला, तर न मिसळलेला सगळा माल एकदम भेटतो. वाडा तालुक्याकडे ओलसर गवत गंजीत रचले तर ते आतून तापते, कधी पेटतेही. शास्त्र तेच, फक्त तिथे दिवस लागतात आणि इथे मिनिटे.

‘कंपनीत रिअ‍ॅक्टर फुटला’ हे वाक्य बोईसरमध्ये सर्रास ऐकू येते. बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन येतात ते धास्तावलेले, कारण शेजारीच १९६९ पासून तारापूर अणुवीज केंद्र चालू आहे आणि तिथेही रिअ‍ॅक्टरच. अणुभट्टी अणुबॉम्बसारखी उडू शकत नाही. तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्यांच्या इंधनात विखंडनक्षम युरेनियम तीन टक्क्यांच्याही आत असते. बॉम्बला ते नव्वदच्या आसपास लागते. म्हणून तिथे काहीच घडू शकत नाही, असेही नव्हे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात इमारती उडाल्या त्या हायड्रोजनच्या स्फोटाने, म्हणजे निव्वळ रसायनशास्त्राने.

जिल्ह्याच्या उत्तरेला आणखी एक दणका आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात छोट्या भूकंपांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ ला तर एका दिवसात अनेक धक्के बसले. धुंदलवाडीकडचे लोक सांगतात, आधी जमिनीतून सुरुंगासारखा आवाज येतो. कानाला फरक कळत नाही, भूकंपमापकाला कळतो. स्फोट जमिनीला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून सगळ्या केंद्रांवर पहिला झटका ढकलण्याचाच उमटतो. भूकंपात प्रस्तरभंगाची एक बाजू सरकते, तेव्हा काही केंद्रांवर ढकल, तर काहींवर ओढ. मोठा स्फोट दूरच्या भूकंपमापकालाही जाणवतो: १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उडाले, त्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावरही झाली होती.