सरकारी, सार्वजनिक, खासगी : मराठी शाळेची मालकी आणि कादंबरीतील शिक्षक

शाळा सरकारने चालवावी की खासगी संस्थांनी, हा वाद आज बहुतेक भारतीय भाषांतून इंग्रजीच्या द्वंद्वावर मांडला जातो. मराठीत हे द्वंद्व मुळातच नीट बसत नाही, आणि त्याचे कारण शब्दांच्या इतिहासात आहे. मराठी राजवटीच्या व्यवहारात ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाकडे लावलेले उत्पन्न. होळकरांच्या दौलतीत अहिल्याबाईंच्या हाती असलेली ‘खासगी’ इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. म्हणजे हा शब्द सामान्य माणसाच्या मालमत्तेचा नव्हे, सत्ताधीशाच्या घरातला. उलट १८७० साली पुण्यात ‘सार्वजनिक सभा’ स्थापन झाली तेव्हा ‘सार्वजनिक’ या विशेषणाला जो अर्थ चिकटला, तो सरकारी या अर्थाचा नव्हता. सरकारपुढे रयतेचे गाऱ्हाणे मांडणारे ते सार्वजनिक, असा होता. परिणामी मराठी माणसाच्या मनात दोन नव्हे, तीन पदे उभी राहिली : सरकारी, सार्वजनिक आणि खासगी. गेल्या दीडशे वर्षांतील मराठी शाळेचा इतिहास हा बव्हंशी मधल्या पदाच्या भवितव्याचा इतिहास आहे, आणि मराठी कथात्म साहित्यातला शिक्षक याच तीन पदांच्या ओढाताणीत उभा आहे.

या वादाचे पहिले ठळक रूप १८८२ च्या हंटर आयोगासमोर दिसते. जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये आयोगाला सादर केलेले निवेदन भारतीय शिक्षणविचारातील एक मूलभूत लेख मानले पाहिजे. शेतकऱ्यांच्या घामातून महसूल जमतो आणि तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी. परंतु ज्या भागाकडे सहसा दुर्लक्ष होते तो शिक्षकाविषयीचा आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावा, त्याला प्रशिक्षण मिळावे, वेळ पडल्यास नांगर धरण्याची त्याला लाज वाटू नये आणि प्रमाणपत्रधारक शिक्षकाचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस असावा, असे फुले सांगतात. गावचे टपाल, दस्तनोंदणी अशी कामे त्याच्याकडे दिली तर गावात त्याचे वजन वाढेल, असेही ते सुचवतात. शिक्षकावर अशैक्षणिक कामे लादू नयेत म्हणून आजचा कायदा झगडतो. फुले यांना मात्र त्याच कामांत शिक्षकाची प्रतिष्ठा दिसत होती. हा विरोधाभास वरवरचा आहे. शिक्षक गावाला उपरा राहू नये, ही त्यामागची खरी तळमळ होती.

सरकारने शिक्षणातून अंग काढून घेऊ नये असे म्हणणारा हा माणूस स्वतः खासगी शाळांचा संस्थापक होता, हे विसरून चालणार नाही. १८४८ पासून फुले दांपत्याने पुण्यात काढलेल्या शाळा वर्गणी आणि देणग्यांवर उभ्या होत्या. लोकाश्रयावर शाळा काढता येते पण साऱ्या रयतेला शिकवता येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

त्याच पुण्यात, त्याच काळात, नेमका उलट प्रयोग चालू होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला आणि १८८० च्या जानेवारीत टिळक व नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढल्या वर्षी आगरकर येऊन मिळाले. ‘निबंधमाले’तून फुले यांच्या भाषेची व विचारांची टर उडवणारे शास्त्रीबुवा आणि सरकारी नोकरी हे पारतंत्र्याचे जोखड मानणारे शास्त्रीबुवा एकच होते, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. हंटर यांनी या शाळेची पाहणी करून तिची प्रशंसा केली. आणि आयोगाच्या शिफारशीही अशा की उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू मागे सरावे, ते काम अनुदान घेणाऱ्या खासगी मंडळींकडे जावे, प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवाव्यात. फुले यांची सक्तीची मागणी बाजूला राहिली. पुढील शतकभर मराठी प्रदेशात माध्यमिक शाळा व महाविद्यालये संस्थांची आणि प्राथमिक शाळा मंडळाची, अशी जी वाटणी रूढ झाली, तिचे मूळ येथे आहे.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि ‘आजीव सभासद’ ही कल्पना मराठी शिक्षणाच्या व्यवहारात आली. वीस वर्षे सेवेची बांधिलकी, दरमहा पंच्याहत्तर रुपयांचे वेतन, आणि संस्थेचा कारभार शिक्षकांच्याच हाती. या रचनेतील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. येथे मालक वेगळा आणि शिक्षक वेगळा असा भेद नव्हता. जेझुइट पाद्र्यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून आखलेला हा त्याग फार काळ निर्वेध चालला नाही. सभासदांनी बाहेर अर्थार्जन करावे की नाही, वेतनात वाढ घ्यावी की नाही, यावरून मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. टिळकांच्या चरित्रकारांनी या भांडणाची बरीच चर्चा केली आहे. येथे नोंदवण्यासारखी बाब एवढीच की शिक्षकाचा धंदा हा व्रत आहे की व्यवसाय, हा प्रश्न मराठीत प्रथम खुल्या तोंडाने विचारला गेला तो पगाराच्या हिशेबावरून. त्यागाच्या भाषेने पुढे संस्थाचालकांची फार सोय केली, हेही खरे.

याच सोसायटीत सुमारे दोन दशके शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. खासगी संस्थेत घडलेल्या शिक्षकाने सरकारी सक्तीची मागणी करावी, यात विसंगती नाही; प्राथमिक शिक्षणाचा आवाका संस्थेच्या कवेत मावत नाही, हे ओळखण्याइतका तो हिशेबी होता. जे ब्रिटिश हिंदुस्थानात नाकारले गेले ते कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हुकूम काढून सुरू केले. आणि १९१९ मध्ये भाऊराव पाटील यांनी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. नावातच ‘रयत’ असलेली ही संस्था कायद्याच्या भाषेत खासगी, पण तिचा पैसा गावकऱ्यांच्या मूठमूठ धान्यातून आणि विद्यार्थ्यांच्या श्रमातून येणारा. शिक्षक घडवण्यासाठी १९३५ मध्ये तिने साताऱ्यात स्वतःचे अध्यापक विद्यालय काढले, आणि फुले यांना हवा होता तसा शेतकऱ्यांच्या घरातला शिक्षक प्रथमच मोठ्या संख्येने तयार होऊ लागला. ‘सार्वजनिक’ या मधल्या पदाचे इतके शुद्ध उदाहरण दुसरे सापडणे कठीण. तरीही स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या सुमारास, भाऊरावांच्या सरकारवरील टीकेमुळे संस्थेचे अनुदान काही काळ थांबवले गेले, हा प्रसंग अनुदानाच्या दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात असते ते दाखवून देतो.

या पार्श्वभूमीवर मराठी कादंबरीतील शिक्षक वाचला म्हणजे त्याचे वागणे अधिक उलगडते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) मधला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा औंध संस्थानाचा नोकर. विशीही न गाठलेला हा मुलगा हुकूम घेऊन धनगरांच्या वाडीत येतो. तेथे शाळा नावापुरती आहे. मेंढरामागे जायचे पोर शाळेत बसले तर मेंढरे कोणी राखावी, हा वाडीचा साधा प्रश्न आहे. मास्तर शिकवतो थोडे आणि इतरांची कामे करतो पुष्कळ. कागद वाचून देणे, तालुक्याच्या गावाहून पैशांची मोड आणणे, भांडणे मिटवणे, यांतून वाडी त्याला आपला मानू लागते. पुढे सारी वाडी राबून तालीम बांधते आणि खुद्द पंतप्रतिनिधींची स्वारी येते. फुले यांनी निवेदनात कल्पिलेला गावच्या व्यवहारात गुंतलेला शिक्षक सत्तर वर्षांनी कादंबरीत असा भेटतो. पण माडगूळकर भाबडे नाहीत. दुष्काळात वाडी उठून जाते, शाळेला मुलेच उरत नाहीत, आणि मास्तरही वाडी सोडतो. सरकारी शाळेची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथे एकाच चित्रात आहेत : जेथे कोणतीही संस्था फिरकली नसती तेथे हुकमाने शाळा पोचते, आणि पाऊस न पडल्यास त्या हुकमाचा काही उपयोग होत नाही.

दुसरे चित्र भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयाचे. ‘बिढार’ व ‘हूल’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक एका गावच्या खासगी महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जात राहतो. बिढार म्हणजे तात्पुरता मुक्काम. मालिकेच्या पहिल्याच शीर्षकात शिक्षकाच्या नोकरीचे स्वरूप सांगून टाकले आहे. जातींचे गट, संस्थाचालकांची मर्जी, प्राचार्यांची कारस्थाने, कायम होण्याची टांगती तलवार, हे सारे येथे तपशिलाने येते. राजाराम मास्तराला जाण्याचा हुकूम वरून येतो. चांगदेवाला कोणी घालवले तरी तो आपणच निघाल्यासारखा निघतो. ही त्याची एकमेव मिजास. हिंदीत श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) मधील छंगामल विद्यालय इंटरमीडिएट कॉलेज आणि त्याचे सूत्रधार वैद्यजी यांच्याशी या चतुष्टयाची तुलना उद्बोधक ठरेल. शुक्ल संस्था सत्तेच्या अंगाने, उपहासाने दाखवतात. नेमाडे ती नोकरदाराच्या अंगाने दाखवतात, म्हणून तेथे हसू कमी आणि थकवा अधिक. मात्र दोन्हीकडे संस्था ही संस्थान झालेली आहे. ‘खासगी’ हा शब्द अशा रीतीने आपल्या जुन्या अर्थाकडे परत गेला म्हणायला हरकत नाही. ‘शिक्षणसम्राट’ हे मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेले उपपद तर त्यावर शिक्कामोर्तबच करते.

चांगदेवाच्या प्रवासाच्या काळातच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचे विनियमन करणारा १९७७ चा अधिनियम केला. १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. लहरीने काढून टाकलेल्या शिक्षकाला न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची वाट मिळाली. अनुदानित शाळेत वेतन शासनाचे, नेमणूक संस्थेची, अशी ही विभागणी. ती शिक्षकाला संरक्षण देते आणि नेमणुकीच्या क्षणी त्याला उघडा पाडते, कारण शासनाने आयुष्यभर द्यायच्या पगाराची किल्ली त्या एका क्षणी दुसऱ्याच्या हातात असते. २०१७ मध्ये शिक्षकभरतीसाठी ठरवलेल्या संगणकीय प्रणालीचे नाव ‘पवित्र’ असे जुळवण्यात आले. पूर्वीच्या भरतीविषयी त्या नावाइतके बोलके भाष्य एखाद्या कादंबरीकारालाही सुचले नसते.

१९८३ पासून विनाअनुदान महाविद्यालयांचे धोरण आले आणि नंतर शाळांच्या परवानगीपत्रांत ‘कायम विनाअनुदानित’ असे शब्द उमटू लागले. एका ‘कायम’ या शब्दावर हजारो शिक्षकांचे आयुष्य टांगले गेले. तो शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला, आणि त्यानंतर टक्क्याटक्क्याने मिळणाऱ्या अनुदानासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर शिक्षकांची आंदोलने वर्षानुवर्षे होत राहिली. सरकारी बाजूही निर्दोष नाही. २००० मध्ये ‘शिक्षणसेवक’ हे पद निर्माण करून नव्या शिक्षकाला तीन वर्षे मानधनावर ठेवण्याची पद्धत शासनानेच घातली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार झाले ते २०२३ मध्ये. आजीव सभासदाने स्वेच्छेने घेतलेले अल्प वेतन येथे भरतीची अट बनले आहे, आणि ‘सेवक’ या शब्दात जुन्या व्रताचा वास तेवढा शिल्लक आहे.

वादाची ताजी फेरी शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव प्रवेशांवरून झाली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळता ही तरतूद वैध ठरवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या प्रवेशांतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. शेजारी सरकारी शाळा असताना गरिबाच्या मुलाने श्रीमंताच्या शाळेत का जावे, हा त्या दुरुस्तीमागचा तर्क वरवर काटकसरीचा वाटतो. परंतु शाळेची मालकी कोणाचीही असो, तिच्यात कोणी कोणाशेजारी बसावे हा प्रश्न सार्वजनिक आहे, हे त्या तर्काला नाकारायचे होते.

शिक्षकाला हाक मारण्याच्या शब्दांतही हा सारा इतिहास साठला आहे. गावठी शाळेचा तो पंतोजी, सरकारी शाळेचा मास्तर, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा गुरुजी, संस्थेच्या हायस्कुलातला सर; आणि शिक्षिका असली तर बहुतेक ठिकाणी बाई. पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, म्हणजे देणगीवर उभ्या राहिलेल्या खासगी माध्यमिक शाळेत १९२४ ते १९३० पर्यंत शिकवत होते, तरी महाराष्ट्राने त्यांना प्राथमिक शिक्षकाच्या नावाने ओळखले, हा अपवाद अर्थपूर्ण आहे. एरवी गुरुजी आणि सर यांच्यातील रेषा संविधानानेही पाळली आहे. विधान परिषदेच्या एकूण जागांपैकी जवळपास एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यावयाच्या असतात, आणि महाराष्ट्रात अशा सात जागा आहेत. पण मतदाराची शिकवण्याची पायरी माध्यमिकहून खालची चालत नाही. सर त्या निवडणुकीत मत देतात. त्याच दिवशी मतदान केंद्रावर कामाला असलेल्या गुरुजींना त्या यादीत नाव नसते.