भार कोठे ठेवावा?

रेडिओच्या साहाय्याने दुरून चालविले जाणारे ‘क्रॉलर’ ट्रक म्हणजे खऱ्या वाहनांच्या बहुधा एकदशांश आकाराच्या, खडकांवरून संथपणे चढणाऱ्या प्रतिकृती. चढावर पुढची चाके उचलली गेली, की नवशिका हौशी माणूस ट्रकचे वजन वाढवू लागतो. वास्तविक प्रश्न वजन किती हा नसून ते कोठे, हा आहे.

समजा, दोन आसांमधील अंतर 30 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची 9 सेंटिमीटर आहे. सपाटीवर भार दोन्ही आसांवर निम्मानिम्मा असेल, तर 45 अंशांच्या चढावर पुढच्या आसाच्या वाट्याला अवघा 20 टक्के उरतो. सपाटीवर 60 टक्के पुढे असेल, तर 30. गुरुत्वमध्य जितका खाली, तितका भार मागे कमी सरकतो आणि ट्रक कुशीवर कलंडण्याचे भयही घटते.

म्हणूनच जाणकार पुढच्या चाकांत व आसाच्या टोकांना ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट जड असे पितळ बसवितात, बॅटरी पुढे सरकवितात आणि दोन्ही आस दोन काट्यांवर ठेवून वाटणी पडताळतात.

अतिरेक मात्र घातक ठरतो. उतारावर तोच पुढचा भार ट्रकला नाकावर पाडू शकतो आणि वाढलेला प्रत्येक ग्रॅम मोटारीला व दातेरी चाकांना ओढावा लागतो. तेव्हा पितळ जोडण्यापूर्वी टपावरचे शोभेचे सामान उतरविणे, हीच खरी सुरुवात होय.