कडेवरचं लेकरू आणि पाठीवरची सॅक

ब्लाऊज शिवायला टाकताना आपण टेलरला काय काय सांगतो! खांदा पाव इंच आत घ्या, मागचा गळा फार नको, मुंढ्यात ओढायला नको. पण पाठीवरची सॅक घ्यायची वेळ आली, की रंग बघतो, खिसे मोजतो, किंमत पाडून मागतो आणि घेऊन येतो. सॅकचं कसलं आलंय माप!

मैत्रिणींनो, सॅकलाही माप असतं. ते चुकलं, की भोगावं लागतं आपल्याच खांद्यांना.

अलीकडे आपल्या वऱ्हाडातल्या बायकाही डोंगराच्या वाटेला लागल्या आहेत. मुलं शिकायला पुण्या-मुंबईला गेली, घरातली धावपळ जरा कमी झाली, की आधी चिखलदरा, मग नरनाळा आणि धीर आला की थेट हिमालय! मी अमरावतीची, माझ्या मोठ्या नणंदबाई अकोल्याच्या. येत्या मे महिन्यात हिमाचलात आठ दिवसांचं पदभ्रमण आहे, त्यासाठी आम्ही दोघींनी नावं नोंदवली. ताईंचं वय ५२. जानेवारीत त्यांनी ६० लिटरची नवी सॅक घेतली आणि सवय व्हावी म्हणून सामान भरून रोज सकाळी कॉलनीत चालायला लागल्या. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला.

"वहिनी, माह्या खांद्याची तं पार वाट लागली. मान वळत नाही. हे काय वय आहे का वो डोंगर चढायचं? तुम्हीच जा बाप्पा, माहं नाव खोडून टाका."

प्रश्न भरलेल्या पैशांचा नव्हता. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर ताईंनी पहिल्यांदा फक्त स्वतःसाठी काही ठरवलं होतं. आणि काही दुखलं-खुपलं, की दोष द्यायला आपल्याला वय हाताशी असतंच. मी म्हटलं, "ताई, रविवारी सॅक घेऊन इकडे या. नाव खोडायचं ते नंतर बघू."

ओझं बसतं कुठे?

कॉलेजात असताना मी गिर्यारोहणाचं शिबिर केलं होतं. तिथे पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट अजून लक्षात आहे : सॅक खांद्याला अडकवायची असली, तरी तिचं वजन उचलायचं कमरेने. आपल्याला हे काही नवीन नाही. लेकरू कडेवर घेतो तेव्हा ते कुठे बसतं? कमरेच्या बाजूला जे रुंद हाड लागतं, त्याच्यावर. पाण्याची घागर टेकते तीही तिथेच. सॅकचा कंबरपट्टा याच हाडावर बसायला हवा. तो नीट बसला, तर निम्म्याहून कितीतरी जास्त भार कंबर आणि पाय घेतात. खांद्यांनी सॅक नुसती सांभाळायची.

हा कंबरपट्टा सगळीकडे पोचला, त्यात एका बाईच्या शिलाई मशीनचाही वाटा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाचा एक हौशी डोंगरभटक्या होता. सॅकच्या चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशात खोचल्यावर खांदे हलके झाले, हे त्याला आणि त्याच्या मित्राला चालता चालता उमगलं. १९५२ मध्ये त्याने घरीच सॅक बनवायला सुरुवात केली. तो अॅल्युमिनियमच्या चौकटी करायचा आणि त्याची बायको नेना घरच्या मशीनवर पिशव्या शिवायची.

माप कसं घ्यायचं?

शिवणकामाची टेप आणि मदतीला एक जण, एवढं पुरतं. मान खाली वाकवा. मानेच्या मुळाशी सगळ्यात वर आलेलं हाड हाताला लागेल. आता दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ मनात धरा. मानेच्या त्या हाडापासून या रेघेपर्यंत, पाठीच्या बाकाला धरून टेप सोडा. हे तुमच्या पाठीचं माप. उंचीवरून त्याचा अंदाज बांधू नका. उंच बाईची पाठ आखूड असू शकते आणि बुटकीची लांब.

ताईंचं माप आलं साडेपंधरा इंच. त्यांची सॅक लावलेली होती एकोणीसवर, म्हणजे एखाद्या उंच पुरुषाच्या पाठीला. त्यामुळे कंबरपट्टा खाली घसरून मांड्यांवर येत होता आणि सगळं वजन खांद्यांना लोंबकळत होतं. सुदैवाने त्या सॅकच्या पाठीचं माप कमी-जास्त करता येत होतं. ते खाली घेतलं. मग सामान म्हणून तुरीच्या डाळीची आणि ज्वारीची पाकिटं चादरीत गुंडाळून आत ठेवली, एकूण आठ किलो. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते, म्हणून तपासताना वजन हवंच.

पट्ट्यांचा क्रम

"माय वो, इतके पट्टे कायले असतात?" ताईंनी विचारलं. प्रत्येकाचं काम वेगळं आहे, आणि आवळायचाही एक क्रम आहे.

१. आधी सगळे पट्टे सैल सोडा. गुडघा वाकवून सॅक मांडीवर घ्या, मग एकेक हात घाला. जमिनीवरून झटक्याने उचलू नका, पाठ धरते.

२. कंबरपट्ट्याचा मधला भाग कमरेच्या हाडावर येईल असा बसवा आणि बक्कल लावून घट्ट करा. पोटावर तो चढला असेल तर खाली घ्या.

३. आता खांद्याचे पट्टे ओढा. ते पाठीला-खांद्याला लागून बसावेत, पण रुतू नयेत. बोटांना मुंग्या आल्या तर ते फार आवळले आहेत असं समजा.

४. खांद्याच्या वर, सॅककडे तिरपे जाणारे दोन छोटे पट्टे असतात, त्यांना लोड लिफ्टर म्हणतात. ते हलकेच ओढले, की मागे झुकणारी सॅक पाठीजवळ येते.

५. सगळ्यात शेवटी छातीवरचा पट्टा. गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं ठेवा आणि मोकळा श्वास घेता येईल एवढाच आवळा.

ताईंनी गच्चीचा जिना दोनदा चढून उतरला. खाली येऊन म्हणाल्या, "वहिनी, मधात डाळ तं नाही काढून घेतली ना?"

आपल्या काही खास अडचणी

या गोष्टी दुकानदार सांगत नाही. सलवारच्या नाडीची गाठ कंबरपट्ट्याखाली आली, तर तासाभरात वळ उठतो. त्यापेक्षा इलॅस्टिकची ट्रॅकपँट बरी. ओढणी पट्ट्यात अडकते. अंबाडा किंवा मोठा क्लिप सॅकच्या वरच्या टोकाला टेकतो आणि मान पुढे ढकलली जाते, म्हणून वेणी घाला. मंगळसूत्र छातीच्या पट्ट्याखाली रुतणार नाही असं आत ठेवा.

सामान भरताना जड वस्तू मध्यभागी आणि पाठीला लागून ठेवा, कपडे व पांघरूण तळाशी, रेनकोट वर. पाणी मोजायला विसरू नका, एक लिटर म्हणजे एक किलो. एका दिवसाच्या भटकंतीला साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं ओझं पुरे, मुक्कामाच्या वाटेवर पाचव्या हिश्श्याच्या वर नको. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ११ किलो ही हद्द. कंबर किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

फेब्रुवारीत आम्ही दोघी भरलेल्या सॅक घेऊन गाविलगडावर जाऊन आलो. १८०३ च्या डिसेंबरात हा किल्ला घ्यायला इंग्रजांच्या फौजेने जड तोफा डोंगरातून ओढत वर आणल्या होत्या. शार्दूल दरवाजाच्या सावलीत आम्ही डबे सोडले. ताईंनी वाटेत तीनदा पट्टे सारखे केले. असं करावंच लागतं. चढाला वरचे छोटे पट्टे थोडे आवळायचे, सपाटीला सैल सोडायचे. ओढा ओलांडताना कंबरेचं आणि छातीचं बक्कल उघडं ठेवायचं, म्हणजे तोल गेला तर सॅक पटकन अंगावेगळी करता येते. मान दुखली नाही. मे महिन्याची तिकिटं काढून झाली आहेत.

तुम्ही सॅक घ्यायला जाल, तेव्हा टेप पर्समध्ये ठेवा. आपलं माप सांगून त्या मापाची सॅक मागा. पाठीचं माप बदलता येतं का, तेही विचारा. बायकांसाठी वेगळ्या सॅक मिळतात. त्यांची पाठ आखूड, खांद्याचे पट्टे जवळ आणि कंबरपट्टा आपल्या कमरेच्या वळणाचा असतो. नुसता गुलाबी रंग दाखवला, तर पट्टे बघू द्या म्हणा. पाच-सात किलो वजन भरून द्या म्हणा आणि दुकानातच पंधरा मिनिटं फिरा. चार लोक बघतील, बघू द्या. एवढं करूनही खांदा दुखला, तर वयाला दोष देण्याआधी पट्टा तपासा.