नवी प्रजाती म्हणजे नवा प्राणी नव्हे

समुद्रताऱ्याची नवी प्रजाती सापडल्याची बातमी आली की बहुतेकांना वाटतं, कुणीतरी पाण्यात बुडी मारली आणि आजवर कुणीच न पाहिलेला प्राणी हाती लागला. तसंही घडतं, पण पुष्कळदा हकिकत निराळी असते. 2022 मध्ये ‘अकॅन्थास्टर बेन्झिआय’ या नावाने जाहीर झालेला तांबड्या समुद्रातला समुद्रतारा तिथल्या पाणबुड्यांना आणि संशोधकांना कित्येक दशकं माहीत होता. फक्त सगळे त्याला ‘अकॅन्थास्टर प्लान्सी’ समजत होते.

अकॅन्थास्टर हा काटेरी, अनेक भुजांचा आणि प्रवाळ खाणारा समुद्रतारा. तो प्रवाळावर चढून बसतो, आपलं जठर तोंडातून बाहेर काढून त्यावर पसरतो आणि जिवंत मांस जागच्या जागी पचवतो. तो पुढे सरकला की मागे पांढराफटक सांगाडा उरतो. काटे विषारी असतात, हातात घुसले तर जखम ठणकते आणि सुजते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर 1985 ते 2012 या काळात जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं. त्यातली सुमारे 42 टक्के घट अभ्यासकांनी याच्या खात्यावर मांडली आहे.

दुसरा गैरसमज असा की, हल्ली डीएनए तपासला की काम झालं. डीएनएने फरक कळतो, नाव मिळत नाही. 2008 मध्ये व्हॉगलर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ‘प्लान्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यात चार वेगळ्या शाखा आहेत: तांबड्या समुद्रातली, उत्तर हिंदी महासागरातली, दक्षिण हिंदी महासागरातली आणि पॅसिफिकमधली. त्या एकमेकींपासून फुटल्या त्याला साधारण 20 ते 36 लाख वर्षं झाली. एवढं कळूनही तांबड्या समुद्रातल्या शाखेला नाव मिळायला आणखी 14 वर्षं लागली. कारण प्रजातीचं वर्णन करताना भुजा मोजाव्या लागतात, काट्यांची लांबी-जाडी पाहावी लागते, आधीच्या नमुन्यांशी ताडून बघावं लागतं. मग एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवून संग्रहालयात जपावा लागतो आणि हे सारं नियमांनुसार छापावं लागतं. बेन्झिआयला भुजा कमी, बहुधा 11 ते 14, आणि काटे बारीक. पॅसिफिकमधल्या भाईबंदांना याहून जास्त भुजा असू शकतात.

शोधणारा आपलंच नाव देतो, हेही खरं नाही. गर्ट व्योरहाइडे आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी बेन्झिआय हे नाव संशोधक जॉन बेन्झी यांच्या सन्मानार्थ दिलं. हिंदी महासागर आणि पॅसिफिकमधल्या या समुद्रताऱ्यांमध्ये मोठा जनुकीय फरक आहे, हे बेन्झी यांनी 1990 च्या दशकातच दाखवलं होतं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच गैरसमज: नाव बदललं, बाकी काय फरक पडतो? फार पडतो. एका प्रजातीच्या चार झाल्या की जुनं नाव कुणाकडे राहणार, हे प्रसिद्धीवर ठरत नाही. ते नाव मुळात कोणत्या नमुन्याला दिलं होतं, यावर ठरतं. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये प्लान्सी हे नाव दिलं ते 1743 मध्ये छापल्या गेलेल्या वर्णनाच्या आधारे, आणि त्या वर्णनातला नमुना गोव्याचा होता. म्हणून प्लान्सी हे नाव उत्तर हिंदी महासागरातल्या शाखेकडे राहिलं. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या कुप्रसिद्ध प्राण्यावरून ते उतरलं. त्याला आता ‘सोलारिस’ म्हणतात, तेही निश्चिती बाकी असल्याची खूण जोडून.

1970 नंतर या समुद्रताऱ्यावर शेकडो शोधनिबंध निघाले आणि त्यांतल्या बहुतेकांत प्राणी एकच धरलेला होता. तो अंडी कधी घालतो, कोणतं प्रवाळ आधी खातो, त्याची संख्या एकाएकी का वाढते, या प्रश्नांची उत्तरं बहुतांशी पॅसिफिकमधून आली. ती तांबड्या समुद्रातल्या किंवा आपल्या बाजूच्या प्रजातीला जशीच्या तशी लावणं धोक्याचं आहे. इथल्या प्रवाळाची राखण करणाऱ्यांना आधी समोरचा प्राणी नेमका कोणता हे पाहावं लागेल. गोव्याच्या नमुन्यावरून ज्याला नाव मिळालं, त्या प्लान्सीचा अभ्यास त्या मानाने फारच थोडा झालेला आहे.