लग्न पाहावं करून, पण कुठं?

‘घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून’ ही म्हण ज्यानं रचली, त्याला मुंबईत कार्यालय शोधावं लागलं नसावं. नाहीतर म्हणीला तिसरा तुकडा खास जोडला असता!

आमच्या धाकटीचं लग्न ठरलं आणि आम्ही पवईकर उभयता जागा पाहत हिंडू लागलो. तलावाच्या बाजूची एक हिरवळ पाहिली मात्र, हे हरखूनच गेले. “फोटो कसे येतील बघ!” भाडं ऐकून माझ्या पोटात गोळा आला, पण लेकीची हौस म्हणून मीही मान डोलावली.

रविवारी डोंबिवलीला सासूबाईंना सांगायला गेलो. वय शहाऐंशी, मांडीचं हाड मोडल्यापासून चाकांच्या खुर्चीत. सगळं ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, “छान आहे हो. मी आपली इथूनच अक्षता टाकीन.”

मला पुढं बोलवेना. मी नोकरीला जात होते तेव्हा हीच नात त्यांनी मांडीवर वाढवली होती.

परतीच्या गाडीत आमचे डोळे उघडले. हिरवळीत खुर्चीची चाकं रुतणार. स्वच्छतागृहाला सहा पायऱ्या. शिवाय पवई पडली रेल्वेच्या दोन मार्गांच्या मधोमध. कांजूरमार्गला बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत. घाटकोपरहून मेट्रो धरली, तरी साकीनाक्याला उतरून पुन्हा रिक्षा. आमच्या साठीपुढच्या पाहुण्यांनी यावं कसं?

आमच्या तलावाचीच गोष्ट घ्या ना. १८९१ साली तो मुंबईला पिण्याचं पाणी पुरवण्यासाठी बांधला. पण पाणी पिण्याजोगं निघालं नाही. देखणा खरा, मूळ कामाला मात्र आला नाही. कार्यालयाचं तसं होऊ नये!

मग आम्ही पाहुण्यांची यादी पुढ्यात घेतली. २०२० च्या साथीत ५० माणसांत लग्नं लागली, तीही लग्नंच होती. म्हणून निःसंकोच कात्री चालवली. जागा पाहताना प्रश्नही बदलले. भाडं किती तासांचं? जीएसटी धरून की वगळून? आचारी त्यांचाच घ्यायचा का? वीज गेली तर जनरेटर आहे का? मुहूर्त हुकला तर अनामत परत मिळते का? अन् उघड्यावर सनई लावायची, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक सहसा बंद, हेही ध्यानात ठेवलं.

शेवटची परीक्षा ह्यांनी स्वतः दिली, बरं का! शेजाऱ्यांची चाकांची खुर्ची नेली, हे तीत बसले आणि मी ढकलू लागले. व्यवस्थापक बघतच राहिले! दोन ठिकाणी दारातच अडलो. मुलुंडला स्टेशनजवळच्या एका साध्या, तळमजल्यावरच्या कार्यालयात मात्र फाटकापासून बोहल्यापर्यंत, तिथून पंगतीपर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत खुर्ची विनातक्रार गेली. तिथंच पैसे भरले.

लेकीला हिरवळ हुकल्याचं वाईट वाटेल अशी भीती होती. ती म्हणाली, “फोटो आदल्या दिवशी तलावाकाठी काढू. तळं थोडंच भाडं मागतंय!”

तेव्हा मंडळी, कार्यालय पाहायला जाल तेव्हा ज्या माणसाला तिथवर येणं सर्वांत अवघड, त्याच्या पायांनी चालून बघा. बाकीचे कुठंही येतात.

संध्याकाळी सासूबाईंना फोन केला. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येईना. मग आवाज आला, “अगं, माझं ते जांभळं लुगडं कुणाकडे आहे?”