कॉर्डिलिया आणि विदूषक

पेणमधल्या एका सभागृहात ‘राजा लिअर’च्या तालमी सुरू झाल्या, तेव्हा पहिले काही दिवस कुणी उभंच राहिलं नाही. सतरंजीवर गोल करून सगळे बसले आणि नुसतं वाचन चाललं. संच हौशी मंडळींचा: दोन शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, गणपतीच्या कारखान्यात काम करणारे दोन तरुण, आणि रोह्याहून दिव्याच्या मेमूने येणारी नाट्यशास्त्राची एक विद्यार्थिनी. हातात विंदा करंदीकरांचं १९७४ सालचं भाषांतर. काका लिअर होणार होते. विद्यार्थिनीकडे दोन भूमिका आल्या: राजाची धाकटी मुलगी कॉर्डिलिया आणि राजाचा विदूषक.

ही जोडी जुनी आहे. कॉर्डिलिया आणि विदूषक अख्ख्या नाटकात एकदाही समोरासमोर येत नाहीत. पहिल्याच प्रवेशात बापाने झिडकारलेली कॉर्डिलिया फ्रान्सला निघून जाते, ती थेट चौथ्या अंकात परतते. मधल्या काळात लिअरला खरं बोलून दाखवतो तो विदूषक, आणि तिसऱ्या अंकात तो काही कारण न सांगता नाटकातून नाहीसा होतो. शेक्सपिअरच्या काळी स्त्रीभूमिका मुलगे करत. त्यामुळे या दोन्ही भूमिका एकाच मुलाने केल्या असाव्यात, असा तर्क काही अभ्यासक करतात. विदूषक रॉबर्ट आर्मिन या कसलेल्या विनोदी नटाचाच असणार, असं इतरांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही, पण तालमीला पहिला तर्क फार उपयोगी पडतो.

सुरुवातीला विद्यार्थिनी पाठांतराच्या मागे होती. निडी, नागोठणे, कासू अशी स्टेशनं मागे पडत, तोवर तिचा एक प्रवेश ओठांतल्या ओठांत म्हणून होई. शब्द पक्के झाले, तरी पहिला प्रवेश उभा राहीना. लिअर राज्याची वाटणी करतो आणि माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कुणाचं, असं मुलींना विचारतो. थोरल्या दोघी, गॉनरिल आणि रीगन, वारेमाप बोलतात. कॉर्डिलियाची पाळी येते तेव्हा ती जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि त्या नकारातून पुढचा सगळा अनर्थ घडतो. विद्यार्थिनी ते उत्तर कधी करारीपणाने देई, कधी रडवेली होऊन. दोन्ही वेळा ते आधी ठरवून आणल्यासारखं वाटे.

“तू तुझ्या वाक्याची वाट बघत उभी आहेस,” दिग्दर्शक म्हणाले. “बहिणी काय बोलतात ते ऐक की गं.”

मग त्यांनी एक दिवस कॉर्डिलियाची सगळी वाक्यं काढून टाकली. तिने फक्त उभं राहायचं आणि ऐकायचं. गॉनरिल बोलताना तिची नजर बापाकडे गेली. म्हातारा सुखावतोय, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. रीगन बोलू लागली तेव्हा तिचा हात आपोआप ओढणीच्या टोकाशी गेला. दुसऱ्या दिवशी वाक्यं परत मिळाली, तेव्हा ती आधीपेक्षा हळू आली, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

ऐकण्यावर हा भर का, याचं उत्तर जुन्या नाटकधंद्यात सापडतं. शेक्सपिअरच्या नटांना पूर्ण संहिता मिळत नसे. प्रत्येकाला फक्त आपली भाषणं आणि त्यांच्या आधीच्या वाक्याचे शेवटचे काही शब्द लिहून दिले जात. एडवर्ड ॲलन या नटाची अशी एक प्रत लंडनच्या डलिच कॉलेजात अजून जपलेली आहे. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांतही नटाला नक्कल मिळे, ती अशीच. समोरचा केव्हा थांबेल आणि आपण केव्हा सुरू करायचं, हे कान उघडे ठेवल्याशिवाय कळणारच नाही, अशी ती व्यवस्था होती. दिग्दर्शकांनी चौथ्या अंकातल्या लिअर-कॉर्डिलियाच्या भेटीची नक्कल मुद्दाम हाताने लिहून काकांना आणि विद्यार्थिनीला दिली आणि छापील पुस्तकं पिशवीत ठेवायला लावली.

त्या प्रवेशात आणखी एक गोष्ट उलगडली. शेक्सपिअरच्या छापील नाटकांत रंगसूचना मोजक्याच असतात. नटाने काय करायचं, ते बऱ्याचदा दुसऱ्या पात्राच्या बोलण्यात दडलेलं असतं. झोपेतून जागा झालेला लिअर मुलीपुढे गुडघे टेकू पाहतो, हे कॉर्डिलियाच्या त्याला थोपवण्यावरून कळतं. तिच्या डोळ्यांत पाणी आहे, हे लिअर ते चाचपून पाहतो तेव्हा. त्यामुळे रडायचं कुठे, हा प्रश्न विद्यार्थिनीपुढे उरलाच नाही. काकांचा हात गालापर्यंत येईतो डोळे भरून यायला हवेत, एवढं तिने पक्कं केलं.

काकांची अडचण वेगळी होती. मराठी माणसाच्या कानात लिअर शिरतो तो शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधून. २३ डिसेंबर १९७० रोजी धी गोवा हिंदू असोसिएशनने ते नाटक रंगभूमीवर आणलं, आणि मुलांना सगळं देऊन बेघर झालेला डॉ. श्रीराम लागूंचा अप्पासाहेब बेलवलकर घराघरांत पोचला. वादळाचा प्रवेश आला की काकांच्या आवाजात लागू डोकावत. दिग्दर्शकांनी त्यांना सगळा प्रवेश एकदा कुजबुजत करायला लावला. कुजबुजीत उसना आवाज टिकत नाही.

बाहेर खरा पाऊस होता. सभागृहावर पत्रे, त्यात आषाढाची सर. वादळाचा आवाज वेगळा काढावा लागलाच नाही, उलट शब्द ऐकू येईनात. काका पावसावर आवाज चढवू लागले आणि दोन मिनिटांत घसा बसला. शेक्सपिअरच्या रंगमंचावर ढोल बडवून आणि लोखंडी गोळे गडगडवून मेघगर्जना काढत. तिथेही गर्जना आणि संवाद यांना आळीपाळीने वाट द्यावी लागत असणार. म्हणून ठरलं, की लिअरने सरीला आव्हान द्यायचं आणि सर ओसरताच विदूषकाने मध्ये शिरायचं. लिअरला आडोशाला नेऊ पाहणारा, गारठलेला विदूषक विद्यार्थिनीला इथे सापडला. ती पत्र्यांकडे कान लावून बसे आणि आवाज उतरला की बोले.

गणेश चतुर्थी जवळ आली तशा तालमी थांबल्या. कारखान्यातल्या दोघांना रात्रीही सुटी नव्हती. त्यांच्यातला एक मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करतो. परत आल्यावर दिग्दर्शक विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावरचे भाव दुरुस्त करू लागले, तेव्हा तोच म्हणाला, “सर, अंग नीट उभं राहिल्याशिवाय आम्हीही आखणीला हात लावत नाही.” मग पुढचे काही दिवस उभं राहणं, वळणं आणि श्वास यांवरच गेले.

मराठी नटांनी शेक्सपिअरसाठी घेतलेल्या अशा कष्टांना मोठी परंपरा आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून लिहिलेलं ‘विकारविलसित’ १८८३ साली प्रसिद्ध झालं. शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी त्यातल्या नायकाच्या भूमिकेने गाजले, आणि ती भूमिका त्यांच्याकडून बसवून घेणारे खुद्द आगरकर होते. लेखक, तालीममास्तर आणि नट एकत्र बसून एकेक वाक्य तपासत, ही पद्धत पेणच्या सतरंजीवरही चालू होती.

शेवटचा प्रवेश सर्वांत अवघड. मेलेल्या कॉर्डिलियाला लिअर हातांवर घेऊन येतो. काकांच्या पाठीला ते झेपेना, तेव्हा विंगेतून दोन सैनिकांनी तिला त्यांच्या हातांवर ठेवायचं आणि काकांनी मोजकी पावलं चालून तिला खाली निजवायचं, असं ठरलं. पुढे लिअर तिच्या ओठांशी आरसा धरायला मागतो, पीस हलल्याचा भास त्याला होतो. सगळ्या प्रेक्षकांचे डोळे तिच्या छातीवर असताना श्वास घ्यायचा कधी? काका हंबरडा फोडतात, तेव्हा. ते वाकून शांत होतात, तेव्हा रोखायचा. एकही वाक्य नसलेल्या या जागेसाठी तिने काकांची सगळी भाषणं पाठ केली.

आता पुढच्या तालमीला वादळ आणि हा प्रवेश लागोपाठ घ्यायचे आहेत. विदूषकाची धाप लागलेली असतानाच तिला निपचित पडायचंय, आणि काकांनी आपली गती जराही कमी करायची नाही, असं तिनेच त्यांना सांगून ठेवलंय.