बार्बाडोसमध्ये किती वाजले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मांडीवर लॅपटॉप, शेजारी शहाळे आणि पुढे निळाशार समुद्र. ‘कुठूनही काम करा’ म्हणून सांगणाऱ्या जाहिरातींत हे चित्र तुम्ही पाहिले असेल. मी एक आठवडा ते करून पाहिले, म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगून टाकते. भर उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसत नाही आणि की-बोर्डमध्ये वाळू गेली की लवकर निघत नाही. कामाला शेवटी टेबल, खुर्ची आणि भिंतीतला प्लगच लागतो. समुद्र कामानंतरचा.

आता तुम्ही विचाराल, मग एवढ्या लांब काम घेऊन गेलातच कशाला? त्याचे कारण सांगलीत आहे. माझी आई तिथे एकटी राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि शस्त्रक्रियेच्या वेळी मी जवळ असावे, एवढीच तिची इच्छा होती. मी राहते टोरांटोला. एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके लिहिते. आमचा निम्मा गट पुण्यात बसतो. माझी रजा संपत आली होती. सांगलीहून तीन आठवडे काम करू द्या, अशी विनंती मी केली. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, ‘आजवर कोणाला परदेशातून काम करू दिलेले नाही. आधी एक आठवडा करून दाखवा.’ थोडक्यात, ही सहल नव्हती, परीक्षा होती.

टोरांटोच्या शाळांना मार्चमध्ये आठवडाभर सुट्टी असते. २०२५ साली ती १० ते १४ मार्च होती. जागा मुलाने निवडली. २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, ते ब्रिजटाउनचे केन्सिंग्टन ओव्हल त्याला पाहायचे होते. बार्बाडोसला टोरांटोहून थेट विमान आहे, प्रवास सुमारे पाच तासांचा. नकाशात ठिपक्याएवढे हे बेट, लांबी जेमतेम ३४ किलोमीटर.

त्याच विश्वचषकाने बेटाच्या नियोजनाचा पहिला धडाही दिला. अंतिम सामन्यानंतर ‘बेरिल’ चक्रीवादळ आले, विमानतळ बंद झाला आणि जगज्जेता संघ हॉटेलात अडकून पडला. शेवटी खास विमानाने तो ४ जुलैला दिल्लीत उतरला आणि संध्याकाळी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पोहोचला. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानतात. ज्याला सोमवारी कामावर हजर राहायचे आहे, त्याने या महिन्यांत बेटावर जाताना दहादा विचार करावा. डिसेंबर ते मे हा तिथला कोरडा काळ. आमचा मार्च त्यात बसत होता.

दुसरा मुद्दा परवानगीचा. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला थोड्या दिवसांसाठी फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण फिरायला जाणे वेगळे आणि तिथे राहून काम करणे वेगळे. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये, करोनाने पर्यटन ठप्प झालेले असताना, ‘वेलकम स्टॅम्प’ नावाची योजना सुरू केली. दुसऱ्या देशातली नोकरी करणाऱ्यांना तिच्यामुळे बारा महिने बेटावर राहता येते. मात्र वर्षाला किमान ५० हजार अमेरिकी डॉलरचे उत्पन्न दाखवावे लागते आणि एकट्या माणसाला दोन हजार डॉलर शुल्क पडते. एका आठवड्यासाठी हा खटाटोप कोणी करत नाही. पण म्हणून न विचारता जाऊही नये. मी कंपनीला विचारले, कंपनीने वकिलांना विचारले आणि उत्तर लेखी घेतले. कंपनीचा लॅपटॉप देशाबाहेर न्यायलाही परवानगी लागते. प्रवासाचा आरोग्यविमा घेतला. या कागदांत तीन आठवडे गेले, तिकिटे त्यानंतर काढली. उलटा क्रम करू नये.

आता घड्याळ. मार्चच्या सुरुवातीला टोरांटो बार्बाडोसच्या एक तास मागे असते, तर पुणे साडेनऊ तास पुढे. टोरांटोचे नऊ ते पाच म्हणजे बेटावर दहा ते सहा. पण तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि लगेच काळोख होतो. कॅनडातल्या उन्हाळ्यासारखी नऊपर्यंत रेंगाळणारी संध्याकाळ तिथे नाही. म्हणजे काम संपायला आणि अंधार पडायला एकच गाठ! म्हणून मी टोरांटोच्या वेळेने सहा ते दोन अशी पाळी मागून घेतली. पुण्याच्या मंडळींनाही ती सोयीची होती, कारण त्यांच्या दुपारी त्यांच्याशी बोलता येणार होते. एका कागदावर तीन रकाने आखले, टोरांटो सहा, बार्बाडोस सात, पुणे साडेचार, आणि तो कागद सोबत घेतला.

राहण्याची जागा निवडताना समुद्राचा फोटो शेवटी पाहावा. आधी घरमालकाकडून टेबल-खुर्चीचा फोटो मागवावा. इंटरनेटचा वेग संध्याकाळी, सगळे शेजारी ते वापरत असताना, मोजून पाठवायला सांगावे. त्यातही आपल्याकडून जाणारा वेग पाहावा, कारण बैठकीत आपला चेहरा आणि आवाज त्याच वाटेने जातो. इंटरनेट बंद पडलेच तर उपयोगी पडावे म्हणून उतरल्यावर लगेच स्थानिक सिमकार्ड घ्यावे. तिथला विजेचा दाब ११५ व्होल्ट आहे आणि प्लग उत्तर अमेरिकेसारखे, चपट्या पिनांचे. भारतातून जाणाऱ्याने जोडणी जवळ ठेवावी आणि चार्जरवरचे आकडेही वाचावेत.

आम्ही दक्षिण किनाऱ्यावर राहिलो. विमानतळ जवळ आणि बसची सोय उत्तम. थांब्यांवर ‘शहराकडे’ आणि ‘शहराबाहेर’ एवढेच लिहिलेले असते, त्यामुळे नवखा माणूसही चुकत नाही. बसभाडे साडेतीन डॉलर, पण बार्बाडोसचे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर १९७५ पासून बांधलेला आहे. कोणी नुसते ‘डॉलर’ म्हटले की कुठला, हे विचारून घ्यावे. बरेचसे सामान बाहेरून येत असल्याने बेट महाग आहे, म्हणून स्वयंपाकघर असलेली जागा परवडते. नळाचे पाणी मात्र खुशाल प्यावे. प्रवाळाच्या चुनखडीतून ते गाळून आलेले असते. तिथल्या राष्ट्रीय जेवणात उडत्या माशांबरोबर ‘कू-कू’ असते, म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेला घट्ट लगदा. पिठले आवडणाऱ्याला तो परका वाटत नाही.

एवढी तयारी करून मी पहिल्याच दिवशी तोंडावर पडले.

शनिवारी, ८ मार्चला आम्ही पोहोचलो. त्या रात्री दोन वाजता कॅनडातली घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे सरकली. बार्बाडोसची सरकली नाहीत. तिथे वर्षभर एकच वेळ. रविवारपासून टोरांटो आणि बार्बाडोस एकाच वेळेवर आले आणि माझ्या कागदावरचे ‘टोरांटो सहा, बार्बाडोस सात’ खोटे ठरले. घड्याळ सरकते, हे टोरांटोत राहणाऱ्या मला दरवर्षी ठाऊक असते. पण कागद फेब्रुवारीत लिहिलेला, भिंतीला चिकटवलेला, आणि मी भिंतीवर विश्वास ठेवला.

सोमवारी पहाटे मुलाला घेऊन समुद्रात डुंबून आले. सात वाजायला दहा मिनिटे असताना आरामात चहा ठेवला आणि खोलीत राहिलेला फोन उचलला. सात कॉल येऊन गेले होते. बैठक सहालाच सुरू झाली होती. पुण्यातले चौघे त्यांच्या दुपारी साडेतीनपासून माझी वाट पाहत बसले होते. अंगावरचे खारट पाणी अजून वाळले नव्हते, आणि डोळ्यांपुढे आई आली.

इंटरनेटवर ढकलता आले असते. बेटावरच्या इंटरनेटला कोण विचारायला जाणार? पण चूक माझी होती. बाईंना चार ओळी लिहिल्या: काय झाले, का झाले, वेळापत्रक कसे दुरुस्त केले. सगळ्या बैठकी फोनच्या कॅलेंडरात भरल्या, कारण ते घड्याळाचे बदल स्वतःच हिशेबात घेते. भिंतीवरचा कागद फाडला. बुडालेला तास त्याच दिवशी भरून काढला. बाईंचे उत्तर आले, ‘उद्या सहाला भेटू.’

उरलेले चार दिवस सुरळीत गेले. सहा ते दोन काम, मग चार तास उजेड हातात. एका दुपारी केन्सिंग्टन ओव्हल पाहिले, एकदा पूर्व किनाऱ्यावर बाथशेबाला अटलांटिकच्या उसळत्या लाटा पाहिल्या, शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या बाजारात भाजलेले मासे खाल्ले. आठवड्यात तीनच गोष्टी ठरवल्या होत्या, तिन्ही झाल्या. बेट पाहून संपले नाही, पण कामही अडले नाही.

परत आल्यावर बाईंनी परवानगीचे पत्र दिले. म्हणाल्या, ‘चार दिवस नीट गेले म्हणून नाही देत. सोमवारच्या त्या चार ओळींसाठी देते.’

ऑगस्टमध्ये मी सांगलीला गेले. बार्बाडोसची यादी तशीच पुढे ठेवली: टेबल, खुर्ची, विजेसाठी इन्व्हर्टर, दोन कंपन्यांची सिमकार्डे आणि वेळा कॅलेंडरात. टोरांटोचे सहा ते दोन म्हणजे सांगलीचे दुपारी साडेतीन ते रात्री साडेअकरा. त्यामुळे सगळ्या सकाळी आईच्या झाल्या. शस्त्रक्रियेच्या सकाळी मी तिचा हात धरून दवाखान्यात बसले होते आणि दुपारी साडेतीनला बैठकीत हजर होते.

काळा चष्मा लावून आई पलंगावर बसायची. मी लॅपटॉप उघडला की रोज विचारायची, ‘तिकडे आता किती वाजले गं?’

‘सकाळचे सहा, आई.’

‘बघ हो, नक्की?’ ती म्हणायची. सोमवारची गोष्ट मी तिलाही सांगितली होती.